तीन सात आणि कोबेतलं जेवण

जपानहून परत आल्यापासून नाशिकला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी त्याच त्या गोष्टी सांगते. गाड्या सेकंदावर सुटतात. रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही. कचरा चार प्रकारांत वेगळा करून ठरल्या वारी ठेवावा लागतो, चुकला तर तो तिथेच पडून राहतो आणि शेजारी काही न बोलता त्याच्याकडे बघत जातात. हे सगळं खरं आहे. पण परवा कॉलेजातल्या जुन्या सहकारी लिमयेबाई अल्बम चाळता चाळता म्हणाल्या, "अहो, कोबेला गेला होतात ना? मग तिथला एकही फोटो कसा नाही?" मी म्हणाले, "रोल संपला होता." आणि उठून चहा टाकायला आत गेले.

रोल संपला नव्हता. कॅमेरा पर्समध्येच होता. तेव्हा हे प्रवासवर्णन लिहायचंच, तर कोबेसकट लिहायला हवं.

ओसाका

मुग्धा ही माझ्या धाकट्या बहिणीची, शालूची, एकुलती एक मुलगी. वडील ती शाळेत असतानाच गेले. पुण्यात डॉक्टरेट करून ती ओसाकाच्या एका विद्यापीठात प्रथिनांवर संशोधन करायला गेली. तिथे शेजारच्या इमारतीत इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागात काम करणारा केन्जी हायाशी तिला भेटला आणि दोघांनी लग्न करायचं ठरवलं. शालू आधी रडली, मग हो म्हणाली. केन्जीची आई पहिल्यापासून राजी होती. वडील मात्र हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मुलीच्या घरचं कुणीतरी माणूस समोर बसून बोलताना दिसायला हवं. दोन्ही घरांनी एका पंगतीला बसून जेवायचं, मग पुढचं ठरवायचं, अशी तिकडे रीतच आहे.

शालूच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, तिला एवढा प्रवास झेपणार नव्हता. म्हणून मी निघाले. मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, आणि ज्या कामात चूक होऊन चालणार नाही ते काम आमच्या घरात माझ्याकडे येतं. मी निघताना शालू म्हणाली होती, "ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे."

ओसाकाचा विमानतळ समुद्रात भराव घालून नव्यानेच बांधला आहे. खिडकीतून खाली पाणीच पाणी दिसत राहतं आणि अगदी शेवटच्या क्षणी पायाखाली जमीन येते. मुग्धा आणि केन्जी दोघेही न्यायला आले होते. उंच, किरकोळ, चष्मा लावलेला मुलगा. त्याने कमरेत वाकून मला नमस्कार केला आणि म्हणाला, "मावशी-सान, वेलकम." जपानी माणसं नावापुढे मानाने ‘सान’ लावतात. ‘मावशी’ हे माझं नावच आहे असं त्याला वाटत होतं. मुग्धाने ते दुरुस्त केलं नाही आणि मीही केलं नाही.

मुग्धाचं घर म्हणजे दीड खोली. गादी रात्री अंथरायची, सकाळी गुंडाळून कपाटात. शाकाहारी माणसाची तिथे पंचाईत होते, कारण भाजीच्या साध्या रश्श्यातही वाळवलेल्या माशाचं पाणी असतं. मुग्धाने कोबेच्या एका सिंधी दुकानातून तूरडाळ आणि हिंग आणून ठेवला होता. ती दिवसा प्रयोगशाळेत गेली की मी वरण-भाताचा कुकर लावायची, दही आणायला कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात जायची आणि उरलेला वेळ हिंडायची. एक दिवस वाड्यासारखं दिसणारं देऊळ, एक दिवस किल्ला, एक दिवस नुसताच बाजार. केन्जीने एका संध्याकाळी कोबी आणि पिठाचं जाड धिरडं माझ्यासाठी मासळीशिवाय, अंड्याशिवाय करून घातलं. ते थालीपिठाच्या लांबच्या नात्यातलं निघालं. मी दोन खाल्ली, म्हणून तो इतका खूश झाला की तिसरं स्वतःच खाताना हसत होता.

मुग्धाच्या स्टेशनसमोर एक झगमगीत इमारत होती. रोज सकाळी दहाच्या सुमारास तिच्या दारात शिस्तीत रांग लागे. म्हातारे, गृहिणी, कोट-टाय घातलेले पुरुष. मला आधी वाटलं रेशनसारखं काही मिळत असेल. दार उघडलं की आतून असा आवाज बाहेर पडे, जणू पत्र्याच्या छपरावर कुणी पोतंभर खिळे ओततंय.

"पाचिंको," मुग्धा म्हणाली. "छोट्या लोखंडी गोळ्यांचा जुगार. अर्ध्या हॉलमध्ये ती यंत्रं आणि अर्ध्यात स्लॉट मशिन्स. तू बघूसुद्धा नकोस, फार धूर असतो."

पण मी बघितलं. लॉटरीच्या गाड्यांपुढे उभ्या राहणाऱ्या आमच्या शिपायांना, मुलांना मी आयुष्यभर सोडती कशा चालतात ते समजावत आले. दुसऱ्याच्या देशातली सोडत बघितल्याशिवाय मला कसं राहवणार?

यंत्राच्या पोटात

यंत्र समजावून सांगितलं ते केन्जीने. एका रविवारी जेवण झाल्यावर मी विचारलं, तर त्याने कागद-पेन्सिल घेतली.

"समोर तीन चाकं," तो इंग्रजीत सांगू लागला. "प्रत्येकावर चेरी, घंटा, सात, अशी वीसेक चित्रं. पैसे आत घालता येत नाहीत, कायदा आहे. म्हणून पैसे देऊन धातूचे बिल्ले घ्यायचे. बिल्ले घालायचे, दांडा खाली ओढायचा, चाकं फिरू लागतात. तुमच्याकडच्या चित्रपटांतल्या यंत्रांत ती आपोआप थांबतात. आमच्याकडे प्रत्येक चाकाखाली बटण असतं. खेळणारा स्वतः थांबवतो."

"म्हणजे कौशल्याचा खेळ," मी म्हणाले.

"तसं वाटावं म्हणूनच बटणं आहेत, मावशी-सान." तो हसला. "तुम्ही दांडा ओढता त्याच क्षणी आतली चिप एक आकडा उचलते. तो आकडा जिंकणाऱ्यांपैकी असला तर जिंकायची मुभा मिळते, मग बटण नीट दाबायचं. नसला, तर कितीही अचूक दाबा, चाक एक-दोन घरं पुढे सरकून थांबतं."

"म्हणजे निकाल आधी आणि परीक्षा नंतर."

"हो. आणि प्रत्येक यंत्राला आत सहा पायऱ्या असतात. मालक किल्लीने उघडून ठरवतो, आज हे यंत्र कंजूष ठेवायचं की उदार. बाहेरून सगळी सारखीच दिसतात."

मग मी त्याला माझी बाजू सांगितली. चाकावर वीस चित्रं, त्यांत एकच सात असं धरलं, तर तीन साती एका ओळीत येणं म्हणजे आठ हजारांत एकदा. पण तो हिशोब चित्रांचा. खरा हिशोब चिपमध्ये, आणि तो खेळणाऱ्याला दिसतच नाही. मालकाला लबाडी करावी लागत नाही. प्रत्येक खेळात शेकड्यामागे थोडंसं त्याच्या बाजूला झुकलेलं असलं की पुरे. पोत्याला सुईएवढं भोक असावं तसं. एका दाण्याने काही होत नाही, पण पोतं दिवसभर तिथेच उभं असतं. आणि यंत्राला स्मरण नसतं. शंभर वेळा हरलात म्हणून एकशे एकाव्या वेळी त्याला तुमची दया येत नाही.

"मावशी वर्गात असंच बोलते," मुग्धा केन्जीला म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता.

केन्जीने कागदाची घडी केली. "बाबांसमोर हा विषय नको काढूया," तो म्हणाला. "त्यांच्या थोरल्या भावाने यातच दुकान घालवलं. त्यांना त्याचा फार राग आहे."

मी मान डोलावली. असला विषय मी कशाला काढीन?

दुसऱ्या दिवशी मी त्या हॉलमध्ये गेले, अभ्यास म्हणून. एक नोट, तेवढ्याचे बिल्ले, संपले की बाहेर. पाचवारी साडी नेसलेली, कुंकू लावलेली साठीची बाई आत आली, पण कुणी मान वळवून पाहिलं नाही. प्रत्येक जण आपापल्या यंत्राकडे तोंड करून बसलेला. देवळातही माणसं इकडेतिकडे बघतात. इथे नाही. बिल्ले लवकरच संपले. दोनदा दोन साती आल्या आणि तिसरी एक घर खाली थांबली. ती तशी थांबावी म्हणूनच थांबवलेली आहे हे मला ठाऊक होतं. तरीही दोन्ही वेळा माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं.

त्या आठवड्यात मी आणखी दोनदा गेले. मुग्धाला सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलंही असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

कोबे

जेवण शनिवारी दुपारी, कोबेला, केन्जीच्या आईवडिलांच्या घराजवळच्या एका जुन्या उपाहारगृहात ठरलं होतं. ओसाकाहून खाजगी रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर. घाटावरच्या बाईला फारच आवडावं असं गाव.

मुग्धा आणि केन्जी व्यवस्था बघायला लवकर जाणार होते. मी म्हणाले, "मीही तुमच्याबरोबर येते, पण तिथे नुसती बसून काय करू? जरा समुद्राकडे फिरून येते." मुग्धाने स्टेशनपासून हॉटेलपर्यंतचा रस्ता मला चालून दाखवला. सरळ जायचं, चौकात डावीकडे, मग दगडी कंदिलाशेजारचं दार. लहान मूलही चुकलं नसतं.

"मावशी, साडेबाराला नक्की," ती म्हणाली. "ते लोक पाच मिनिटं आधी येतात."

"मी कधी उशीर केलाय?" मी म्हणाले. आणि खरंच, कधीच केला नव्हता.

मी आजोळची नारायणपेठी नेसले होते. पर्समध्ये केन्जीच्या आईसाठी चांदीचा करंडा होता. तीन जपानी वाक्यं मी पाठ केली होती. ‘मी मुग्धाची मावशी. आमची मुलगी तुमच्या घरी येते आहे. तिला सांभाळून घ्या.’ समुद्राच्या दिशेने जाताना ती पुटपुटत होते. त्या चौकातच पाचिंकोचा हॉल होता. तिकडे प्रत्येक स्टेशनजवळ असतोच. हातात भरपूर वेळ होता.

पहिल्या नोटेचे बिल्ले संपत आले असताना तिन्ही साती एका ओळीत आल्या.

कसं वाटतं ते सांगायचा प्रयत्न करते, कारण वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे केलेलं नसेल आणि करूही नये. आधी संगीत वाजू लागतं. मग यंत्राच्या पोटातून बिल्ले खालच्या ताटलीत धो धो पडू लागतात. ताटली भरते, ते मांडीवर येतात, तुम्ही पदर पुढे करता. शेजारची म्हातारी बाई स्वतःचं खेळणं न थांबवता एक रिकामा डबा तुमच्याकडे सरकवते. माझं काळीज असं धडधडत होतं की मला लाज वाटली, आणि ती लाजही गोड वाटली.

तिथे उठायला हवं होतं. वेळही होता. पण मला माझं शास्त्र आठवलं. पुरावा हाती आला की आधीचा अंदाज सुधारावा, हे मी शेकडो मुलांना शिकवलं आहे. एवढ्या लवकर मोठा डाव लागला, त्या अर्थी मालकाने आज हे यंत्र उदार पायरीवर ठेवलेलं असण्याची शक्यता वाढली. अशा यंत्रावरून उठणं अशास्त्रीय. हा युक्तिवाद अगदीच चूक नाही, म्हणूनच तो भयंकर. एका डावाचा पुरावा किती क्षुल्लक असतो हेही मीच शिकवते. ते तेवढं आठवलं नाही.

मग पुन्हा साती आल्या. मग घंटा. अशा हॉलना खिडक्या नसतात, भिंतीवर घड्याळ नसतं, असं मुग्धाने मला सांगितलं होतं. भिंतीवर नव्हतंच. माझ्या मनगटावर होतं. मी ते तीनदा पाहिलं. पहिल्यांदा म्हणाले, अजून दहा मिनिटं आहेत. दुसऱ्यांदा म्हणाले, थोडा उशीर झाला, आता हा डाव संपू दे. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा दीड वाजून गेला होता.

मी डबा तिथेच टाकून पळाले. शेजारची बाई डबा उचलून मागून काहीतरी ओरडत होती. बाहेर आले तर धो धो पाऊस लागलेला, तो केव्हा सुरू झाला याचा मला पत्ताच नव्हता.

दगडी कंदिलाच्या दारात मुग्धा उभी होती. मला पाहून तिने डोळे मिटले आणि उघडले. "मावशी! कुठे होतीस? केन्जी पोलीस चौकीत जाऊन आला. त्याची आई अजून चौकात उभी आहे."

त्या चौकातूनच मी पळत आले होते. छत्र्यांच्या गर्दीत मला कुणी दिसलं नव्हतं.

"रस्ता चुकले," मी म्हणाले.

ते वाक्य मी ठरवून बोलले नाही. पण बोलल्यावर ते परतही घेतलं नाही.

केन्जी धावत जाऊन आईला घेऊन आला. बुटकी, गोल चेहऱ्याची बाई. राखाडी रंगाचा किमोनो गुडघ्यापर्यंत भिजलेला. तिने माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी भराभर बोलू लागली. तिचे डोळे पाण्याने भरले होते.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

मुग्धा माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणतात, देवाची कृपा, सापडलात. चूक त्यांची झाली. परक्या गावात तुम्हाला एकटीला सोडायला नको होतं."

आत चटईवर बुटक्या टेबलाशी केन्जीचे वडील बसले होते. ताठ, केस अगदी बारीक कापलेले. आयुष्यभर जहाजावर इंजिनियर होते. समोर सगळ्यांची ताटं मांडलेली, एकालाही हात लागलेला नव्हता. माझ्यासाठी म्हणून सगळी पंगतच शाकाहारी होती. रश्शात माशाचं पाणी नको, असं केन्जीच्या आईने आचाऱ्याला दोनदा येऊन बजावलं होतं, हे मला मुग्धाने नंतर सांगितलं. भोपळ्याची, वांग्याची भजी गार होऊन मऊ पडली होती.

केन्जीच्या आईने नवऱ्याला काहीतरी सांगितलं. तेव्हा त्या माणसाने दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ खाली नेऊन माझी माफी मागितली. पाहुण्यांना घ्यायला स्टेशनवर यायला हवं होतं, आमच्याकडून कसूर झाली, म्हणून. मुग्धाने भाषांतर केलं. तिचा आवाज कोरडा होता. धुराचा वास माझ्या साडीला भरपूर येत होता आणि ती माझ्या अगदी शेजारी बसली होती.

मीही खाली वाकले. वाकता वाकता निऱ्यांच्या घडीतून काहीतरी सुटलं आणि चटईवर पडलं. धातूचा बिल्ला. तो कडेवर उभा घरंगळत गेला आणि केन्जीच्या वडिलांच्या गुडघ्याशी जाऊन आडवा झाला.

केन्जी आईला टॉवेल आणून देत होता. त्या दोघांनी पाहिलं नाही. मुग्धाने पाहिलं. वडिलांनी बिल्ला उचलला, एक क्षण तळहातावर धरला आणि कोटाच्या खिशात टाकला. मग माझ्या पेल्यात चहा ओतला.

मी माझी तीन वाक्यं म्हटली. तिसऱ्यात अडखळले. केन्जीच्या आईने करंडा कपाळाला लावला. जेवण झालं.

परतीच्या गाडीत केन्जी नव्हता, तो घरीच थांबला. मुग्धा खिडकीबाहेर बघत होती. मी म्हणाले, "मुग्धा, मी..."

"तू पाचिंकोत होतीस, मला माहीत आहे," ती म्हणाली. "मावशी, तू जुगार खेळलीस त्याचं मला काही नाही. उशीर केलास, त्याचंही मी विसरेन. पण तुझं खोटं तू मराठीत एकदाच बोललीस. जपानीत ते मला पुन्हा पुन्हा बोलायला लागलं. माझ्या होणाऱ्या सासूला. ती रडत असताना."

उतरल्यावर तिने स्टेशनवरच्या फोनमध्ये कार्ड घालून शालूला फोन लावला. "छान झालं गं आई सगळं. हो, मावशी मस्त बोलली."

पुन्हा कोबे

तीन दिवस आम्ही दोघी फक्त कामापुरत्या बोललो. केन्जीच्या घरून काही निरोप नव्हता. चौथ्या दिवशी मी म्हणाले, "मी त्यांच्याकडे जाऊन खरं सांगते. तू चल."

"नको," मुग्धा म्हणाली. "आणखी भाषांतर माझ्याच्याने होणार नाही."

मग मी एकटीच गेले. केन्जीकडून दोन वाक्यं लिहून घेतली होती. ‘मी रस्ता चुकले नव्हते. मी पाचिंकोत होते.’ ती सांगताना त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मग फक्त उच्चार दुरुस्त केले. त्याच्याही डोळ्यांना डोळा भिडवायची माझी हिंमत झाली नाही.

वडील दारातच कुंड्यांना पाणी घालत होते. मी वाकले आणि पहिलं वाक्य सुरू केलं.

"इंग्रजीत बोला," ते म्हणाले. जहाजावरचं तुटक, पण स्वच्छ इंग्रजी. "मुंबईच्या गोदीत मी पुष्कळदा आलोय." जेवणाच्या दिवशी त्यांनी ते दाखवलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. अभ्यास म्हणून गेले इथपासून. ते ऐकून घेत होते. झारीतलं पाणी संपलं तरी ती तिरकी धरूनच उभे होते.

"जिंकलात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझा भाऊही सुरुवातीला जिंकला." त्यांनी झारी खाली ठेवली. "मला त्या दिवशी उठून घरी जायचं होतं. बायको म्हणाली, परक्या देशात एकटी बाई, कुठे रडत उभी असेल. आणि पावसात चौकात जाऊन उभी राहिली. तीन दिवस झाले, तिला ताप आहे."

"मला त्यांची माफी मागू द्या."

"नाही." ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "तिला वाटतंय, तुम्ही हरवला होतात आणि सापडलात. त्याचा तिला आनंद आहे. खरं सांगून तुम्हाला बरं वाटेल. तिला नाही वाटणार."

मी निघायला वळले.

"लग्नाचं मी कालच ठरवलंय. केन्जीला आज हो म्हणून कळवतो," ते म्हणाले. "त्या खोलीत त्या दिवशी एकच माणूस शरमेने मरत होतं. ती मुलगी. दुसऱ्याच्या चुकीसाठी. तिला आमच्या घरात जागा आहे. तुम्ही चहा घ्या आणि जा."

एवढं बोलून ते आत गेले. मी आले आहे हे ऐकून केन्जीची आई अंथरुणातून उठून आली. गळ्याला मफलर, नाक लाल. तिने चहा केला, तांदळाच्या कुरकुरीत चकत्या बशीत ठेवल्या. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मला जपानी. ती हसत होती आणि मी हसत होते. नवरा खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून पेपर वाचत होता.

मी निघाले तेव्हा तिने कोट चढवला. मी हातांनी नको नको म्हटलं, नवराही काहीतरी रागावून बोलला. तिने दोघांचंही ऐकलं नाही. माझा दंड धरून ती माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत आली. मला रस्ता पाठ व्हावा म्हणून प्रत्येक वळणावर थांबायची. लाल टपालपेटी दाखवून म्हणायची, "मिगी." उजवीकडे. मी म्हणायची, "मिगी." मग ती टाळी वाजवायची. दगडी कंदील दाखवला. फुलांचं दुकान दाखवलं. मधूनच रुमाल तोंडाला लावून खोकायची आणि पुन्हा माझा दंड धरायची.

चौकात आलो. ती थांबली, आणि रस्त्यापलीकडच्या पाचिंकोच्या भल्यामोठ्या पाटीकडे तिने बोट केलं. लाल-पिवळे दिवे धावत होते. तिने बोट माझ्या कपाळाला लावलं, म्हणजे लक्षात ठेवा, मग पाटीकडे, मग उजवीकडे स्टेशनच्या रस्त्याकडे. हे दिसलं की तुम्ही कधीच चुकणार नाही, असंच ती सांगत होती. आणि माझ्या तोंडाकडे बघत, मी म्हणायची वाट पाहत उभी राहिली.

मी पाटीकडे बोट केलं आणि म्हणाले, "मिगी."